तीन पाट

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाई चांगली पावणेसहा फूट उंच असणार. रस्त्याच्या कडेला ताडपत्री, ताडपत्रीखाली लांबलचक टेबल, टेबलावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली पंधरा-सोळा पातेली, आणि त्या सगळ्यांच्या वर, ट्यूबलाइटच्या उजेडात, डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी. हातात करवंटीचा डवला. आमच्या कोकणात असतो तसाच, फक्त दांडा दोन हात लांब. समोरचं गिऱ्हाईक बोट दाखवायचं आणि तो डवला सगळ्या पातेल्यांच्या डोक्यावरून जाऊन नेमका त्याच पातेल्यात बुडायचा. थेंब सांडत नव्हता. मग गर्दी ओसरली, बाई पाणी प्यायला खाली उतरली आणि माझ्या खांद्याला लागली. मागे जाऊन बघितलं तर एकावर एक ठेवलेले तीन लाकडी पाट.

ही २०१२ सालची गोष्ट. नोकरीसाठी जाकार्ताला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. सेनेन भागात क्रामात राया नावाचा मोठा रस्ता आहे आणि त्याच्या कडेला 'नासी कापाऊ'च्या टपऱ्या ओळीने लागतात. नासी म्हणजे भात. कापाऊ हे गाव आहे, पश्चिम सुमात्रात, बुकिटिंगी शहराच्या अगदी जवळ. तिथले लोक मिनांगकबाऊ, बोलीभाषेत मिनांग. इंडोनेशियात कुठेही जा, मिनांग माणसाचं जेवणाचं दुकान सापडतंच. बहुतेक पाट्यांवर 'पादांग' असं लिहिलेलं असतं, त्या प्रांताच्या राजधानीचं नाव. त्या दुकानांत वेटर हातावर पंधरा बशा रचून आणतो, सगळ्या तुमच्यापुढे मांडतो आणि जेवढं खाल तेवढ्याचेच पैसे घेतो. कापाऊवाल्यांची तऱ्हा वेगळी. इथे वाढणारी बाई उंचावर उभी राहते आणि स्वतःच्या हाताने वाढते. आपण फक्त बोट दाखवायचं.

त्या म्हातारीला सगळे 'अमाक' म्हणायचे. अमाक म्हणजे आई. तिच्या मुलीला 'उनी', म्हणजे ताई. मीही तेच म्हणायला लागले आणि इथेही तेच लिहिते.

"काय वाढू, बू?" अमाकने विचारलं. बू म्हणजे इबू, आपण बाई म्हणतो तसं.

मी म्हटलं, मी गाईम्हशीचं मांस खात नाही. परक्या देशात हे वाक्य बोलताना माझा आवाज आपोआप बारीक होतो. अमाकला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने डवल्याने एकेक पातेलं दाखवायला सुरुवात केली. "हे नाही. हे नाही. हे तर नाहीच." त्या 'नाहीच'मध्ये 'ताम्बुसू' होतं, आतड्यात अंडी आणि टोफू भरून केलेलं, कापाऊची खासियत. बघता बघता बहुतेक पातेली बाद झाली. उरलं काय, तर हिरव्या मिरचीतलं बदक, माशाची गाबोळी, जाड ऑम्लेट आणि टॅपिओकाची उकडलेली पानं. फणसाच्या रश्शावर माझी नजर गेलेली तिने टिपली.

"आज फणसात हाडं घातलीत. तुम्ही गुरुवारी या."

दर गुरुवारी एक म्हातारे गृहस्थ यायचे, डॉक्टरांनी मांस बंद केलेले. त्यांच्यासाठी एक छोटं पातेलं बिनहाडाचं व्हायचं. मी गुरुवारी गेले. अजून गुरुवारीच जाते. ते गृहस्थ कधीच गेले, पण पातेलं चालू आहे.

पहिल्या घासाचं सांगते. कोवळ्या फणसाच्या फोडी, आपण कुयरी म्हणतो तसल्या, कोबी, चवळीच्या शेंगा, आणि वर नारळाच्या दुधाचा पिवळाधम्मक रस. तोंडात घातलं आणि आधी वास आला तो हळदीच्या पानाचा. माझ्यासाठी हा वास एकाच गोष्टीचा आहे, पातोळ्यांचा. तो नाकात असताना जिभेवर गूळ यायला हवा, आणि आली लाल मिरची. मी दचकलेच. नंतर कळलं, इथे हळदीचं पान रश्श्यात सबंधच्या सबंध गाठ मारून टाकतात. आंबटपणासाठी 'आसाम कांदिस' नावाची काळपट सुकी सोलं असतात. ती आपल्या कोकमाची चुलत बहीण, एकाच गणातली. म्हणजे नारळ, हळदीचं पान आणि सोलं हे सगळं आजीच्या स्वयंपाकघरातलंच सामान, फक्त दुसऱ्याच कुणीतरी लावलेलं.

मिरचीला मिनांग भाषेत 'लादो' म्हणतात. हा शब्द मुळात मिरीचा. मिरची अमेरिकेतून जहाजात बसून आली तेव्हा तिला नाव द्यायला कुणाकडे वेळ नव्हता, मिरीचंच नाव चिकटवलं. आपणही तेच केलं, मिरीवरून मिरची. गंमत अशी की, इंडोनेशियन भाषेत काळ्या मिरीला 'मरिचा' म्हणतात, संस्कृत मरिच. दोन समुद्रकाठांनी एकाच पाहुणीला एकाच युक्तीने घरात घेतलं. लादो वाटायचा दगडी पाटा असतो, त्याला 'बातू लादो' म्हणतात आणि वरवंट्याला 'आनाक', म्हणजे मूल. हे ऐकल्यावर मी उनीला सांगितलं की आमच्याकडे बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून फिरवतात. उनी वरवंटा हातात धरून थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "ह्याचं वजन बघता बाळंतपण अवघडच गेलं असणार."

रेंदांगबद्दल लिहिलं नाही तर मिनांग लोक मला माफ करणार नाहीत. ते स्वतः 'रांदांग' म्हणतात. २०११ साली सीएनएनच्या वाचकांनी मतं देऊन त्याला जगातला सर्वांत चविष्ट पदार्थ ठरवलं, तेव्हापासून ते सगळीकडे मिरवतं. पण लोकांना तो मांसाचा एक प्रकार वाटतो, आणि अमाकचं म्हणणं होतं की रांदांग ही क्रिया आहे. नारळाच्या दुधात मसाला आणि जिन्नस घालून चुलीवर चढवायचं. रस पातळ आहे तोवर ती 'गुलाई'. आटून अंगाबरोबर आला, रंग तांबूस झाला की 'कालियो'. तिथे न थांबता मंद आचेवर ढवळत राहायचं, तेल सुटतं, मग ते तेलही जिन्नस परत पिऊन घेतो, सगळं काळपट-तपकिरी होतं, तेव्हा ते रांदांग. चार-पाच तास, कधी त्याहून जास्त. आपल्या भाषेत पातळ रस्सा, अंगाबरोबरचा रस आणि सुकं, तिन्ही मुक्काम एकाच पातेल्यात. त्यामुळे रांदांग अंड्याचं होतं, पानांचं होतं, बदकाचं होतं. दक्षिण किनाऱ्यावर शिंपल्यांचंही करतात, 'लोकान' म्हणून. अमाकने एकदा गावाहून आलेलं शिंपल्यांचं रांदांग माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. तिसऱ्यांचं सुकं ज्याने खाल्लंय त्याला मी आणखी काही समजावून सांगायची गरज नाही.

२०१८ साली एका ब्रिटिश टीव्ही स्पर्धेत परीक्षकांनी एका बाईला बाद करताना तिच्या रेंदांगमधल्या कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही अशी तक्रार केली. मलेशिया आणि इंडोनेशिया एरवी रेंदांग कुणाचं म्हणून भांडत असतात, त्या आठवड्यात दोन्ही देश एक झाले. उनीने व्हिडिओ बघितला, शांतपणे म्हणाली, "भुकेला असेल बिचारा, थांबायला वेळ नसेल," आणि कांदे सोलायला लागली.

इतकं आटवायचं कशासाठी, तर टिकायला. मिनांग पुरुषाने वयात आलं की गाव सोडायचं, हा तिथला जुना रिवाज. त्याला 'मारांताऊ' म्हणतात. त्यांचं एक चार ओळींचं लोकगीत आहे, ज्यात रानातल्या झाडाला अजून फूल नाही, फळ नाही असं म्हणून तरुणाला सांगितलंय की बाबा रे, आधी परमुलुख बघून ये, घरी अजून तुझा काही उपयोग नाही. इतकं स्पष्ट आपल्याकडे मुलाला कुणी सांगत नाही. कारण घर, शेत, सगळं बाईच्या नावावर. आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे. जगातला हा सगळ्यांत मोठा मातृवंशीय समाज, आणि धर्माने पक्का मुसलमान. नवरा बायकोच्या घरी येतो तो पाहुण्यासारखा. त्याला 'सुमांदो' म्हणतात आणि त्याची उपमा आहे 'झाडाच्या बुंध्यावरची राख', म्हणजे फुंकर मारली की गेली. घरजावयावर आपल्याकडेही म्हणी आहेत, पण राख जरा जास्तच झाली. कुटुंबात वजन असतं ते आईच्या भावाचं, त्याला 'मामाक' म्हणतात. हा शब्द मला शिकावाच लागला नाही.

अमाकची आई, जिला सगळे 'आंदुआंग' म्हणजे आजी म्हणत, ती जाकार्ताला आली साठीच्या दशकात. १५ फेब्रुवारी १९५८ रोजी पादांगमध्ये जाकार्ताच्या सरकारविरुद्ध वेगळं सरकार जाहीर झालं होतं. बंड १९६१पर्यंत पार मोडलं आणि त्यानंतर गावंच्या गावं रिकामी होत गेली. हरलेल्या मुलखातला म्हणून ओळख सांगणं तेव्हा अडचणीचं होतं, म्हणूनच दुकानांवर मिनांगऐवजी 'पादांग' लिहायची पद्धत पडली, असं जुनी माणसं सांगतात. आंदुआंगचा नवरा तानाह आबांगच्या बाजारात कापड विकायचा. धंदा बेताचा. सत्तरीच्या दशकात तिने फुटपाथवर भाताची टोपली आणि चार पातेली घेऊन बसायला सुरुवात केली. उंची साडेचार फूट, मागच्या पातेल्यापर्यंत हात पोहोचेना. नवऱ्याने कापडाच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून तीन पाट करून दिले.

आंदुआंगला मी बघितलेलं नाही. अमाकची उंचीही तेवढीच, ती तिन्ही पाटांवर उभी राहायची. उनी जरा उंच निघाली, दोन पाटांवर काम भागतं. तिसरा खाली असतो, त्यावर बसून कांदे सोलतात.

माझं काम हिशेब तपासायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढायच्या. त्यामुळे या टपरीचा हिशेब माझ्या डोळ्यांत सलायचा. वहीच नव्हती. तुम्ही जेवून उठलात की अमाक वरूनच तुमच्या पानाकडे एक नजर टाकायची आणि आकडा सांगायची. मी मनातल्या मनात बेरीज करून बघायचे, कधी चुकली नाही. आणखी एक न कळणारी गोष्ट म्हणजे बांधून नेलेल्या भातात भात जास्त असतो. पैसे तेवढेच. याचं कारण मी निदान दहा मिनांग माणसांना विचारलं असेल आणि अकरा उत्तरं मिळाली.

मदतनिसांना पगार नाही, हे कळल्यावर तर माझ्यातला ऑडिटर उठून बसला. त्यांची पद्धत 'मातो'ची. मातो म्हणजे डोळा. प्रत्येकाला कामाप्रमाणे इतके डोळे ठरलेले, स्वयंपाक्याला जास्त, भांडी घासणाऱ्या पोराला कमी. साधारण शंभर दिवसांनी नफा मोजायचा, खर्च वजा जाता उरलेल्याला एकूण डोळ्यांनी भागायचं, आणि ज्याचे जितके डोळे तितका त्याचा वाटा. मोठमोठी पादांग हॉटेलंही अशी चालतात. आपल्याकडे मचवा बंदरात लागल्यावर मासळीचे वाटे पडतात, त्यातलाच प्रकार. भांडी घासणारा पोरगा नळ वाहता का ठेवत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. पाणी त्याच्याही डोळ्यातून जात होतं.

१० एप्रिल २०२०पासून जाकार्तात निर्बंध लागले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. उनीने सोळातली पंधरा पातेली पालथी घातली आणि एकच ठेवलं, रांदांगचं. तेव्हा शाळेत असलेल्या तिच्या मुलीने फोनवर फोटो टाकले, अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं कुरियरने जायला लागली. परमुलुखात निघालेल्या पोराबरोबर द्यायला म्हणून शिजवायची वस्तू, त्या वर्षी पोरं घरात अडकली होती आणि तीच वस्तू एकटी प्रवासाला निघाली. टपरी तगली ती त्याच्यावर. पोरीने तेव्हा डिजिटल काटा आणला. गलांगल किती ग्रॅम, लसूण किती, सगळं लिहून ठेवायला लागली. अमाक म्हणायची, "लिही हो. पण पावसातली मिरची आणि उन्हातली मिरची यांचं वजन सारखं आलं तर माझ्याकडे येऊ नकोस."

अमाक २०२४च्या सुरुवातीला गेली.

तीन महिन्यांनी उनीने मला विचारलं, "इबू, तुम्ही एक यादी करून द्याल? सगळ्याची, किमतीसकट." तिचा एकच भाऊ, बाताम बेटावर असतो. वाटणीचं बोलायचं होतं आणि ते गावी, मामाकसमोरच बोलायला हवं होतं. जूनमध्ये बकरी ईदच्या सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर गेले. मे महिन्यात मारापी ज्वालामुखीवरून राखेचा आणि दगडांचा लोंढा आला होता, लेम्बाह आनाईचा घाटरस्ता वाहून गेला होता, त्यामुळे मालालाकच्या बाजूने वळसा घालून धुक्यातून वर चढलो. बुकिटिंगीच्या बाजारात 'लोस लाम्बुआंग' नावाची जेवणाची गल्ली आहे. लाम्बुआंग म्हणजे पोट. तिथे ओळीने कापाऊच्या बायका उंचावर उभ्या, प्रत्येकीच्या हातात तोच लांब डवला. उनी त्यांतल्या एकीच्याही पातेल्यात न डोकावता भराभर पुढे निघून गेली. दुसऱ्याच्या दुकानात बघू नये, हा शिष्टाचार असेल. किंवा बघवत नसेल.

बैठक चटईवर. मामाक म्हणजे अमाकचा धाकटा भाऊ, सत्तरीच्या पुढचा, कापड दुकानातून निवृत्त. पहिला अर्धा तास तो म्हणींतच बोलला. मग प्रश्न समोर ठेवला. टपरी ही 'पुसाको तिंगी' की 'पुसाको रांदाह'? वरचा वारसा की खालचा? पूर्वापार चालत आलेली कुळाची मालमत्ता, ती वरची. ती मुलींच्याच वंशात जाते, ती वापरायची असते, विकायची नसते. माणसाने स्वतः कमावलेलं ते खालचं. १९५२ साली बुकिटिंगीत कुळांचे प्रमुख, धर्मपंडित आणि शिकलेसवरलेले एकत्र बसले होते आणि वाद मिटवला होता. वरच्या वारशाला रूढी लागू, कमाईला इस्लामी वाटणी. म्हणजे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. मालमत्तेला ते 'हारातो' म्हणतात, मुळात आपलाच 'अर्थ'.

आता टपरी कमावली आंदुआंगने. तिच्यापुरतं ते खालचं. अमाकला ती आईकडून मिळाली, तिने वाढवली. उनीपर्यंत तिसरी पिढी. खालचं कधी वर चढतं? याचं तारीखवार उत्तर कुणाकडे नसतं. पिढ्यांच्या हातांतून जाता जाता चढतं. मला ते ऐकताना कालियोची आठवण झाली. अमुक मिनिटाला रस संपून रांदांग झालं, असं कोण सांगणार?

मी माझी यादी वाचली. फ्रिज एक, फ्रीझर दोन, मोटारसायकल, गॅसचे हिरवे 'मेलोन' सिलिंडर, पातेली बावीस, डवले पाच, बातू लादो एक, जागेची अनामत, बँकेतली शिल्लक. सगळ्यांत खाली मी एक ओळ टाकली होती, आमच्या धंद्यात टाकतात तशी. गेल्या काही वर्षांच्या नफ्यावरून काढलेला एक आकडा.

"हे काय?" मामाकने विचारलं.

"नावाची किंमत, दातुक." दातुक म्हणजे तिथल्या मानकऱ्यांना म्हणतात तसं.

"कोण घेतंय विकत?"

"कुणी नाही. पण घेतलंच असतं तर..."

"मग खोडा."

मी खोडलं. तीस वर्षांच्या नोकरीत माझी एवढी ओळ इतक्या झटकन कुणी उडवली नव्हती.

मग म्हाताऱ्याने चार बोटं वर केली आणि वरचा वारसा गहाण टाकायची वेळ कधी येते ते सांगितलं. कुळाचं मोठं घर गळायला लागलं तर. घरात वाढलेली मुलगी बिनलग्नाची राहिली तर. मधल्या दालनात प्रेत पडून आहे आणि मातीला पैसे नाहीत तर. आणि 'बुडालेला ओंडका वर काढायचा असेल' तर, म्हणजे घराण्याचा पडलेला मान पुन्हा उभा करायचा असेल तर. "यांतलं काही झालंय?" झालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ठरलं. रोकड, मोटारसायकल, फ्रिज आणि फ्रीझर ही अमाकची कमाई, त्यांचे दोनास एक असे वाटे. पातेली, डवले, दगड आणि पाटीवरचं नाव हे वर चढलं. उनीने वापरायचं, पुढे तिच्या मुलीने.

भाऊ एवढा वेळ गप्प होता. एकदम म्हणाला, "आणि पाट? यादीत पाट कुठायत?"

खरंच विसरले होते. बारा वर्षं बघत होते आणि नेमके तेच राहिले.

"पाट कुणी केले?" मामाकने विचारलं.

"आजोबांनी. कापडाच्या खोक्यांचे."

"म्हणजे सुमांदोने!" म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. राख म्हणून ज्याला फुंकून टाकायचं तो माणूस पन्नासएक वर्षं टपरीच्या पायाखाली होता. पाट कुणाच्या वाट्याला गेले ते शेवटपर्यंत ठरलंच नाही.

परतीच्या विमानात मला माझी आजी आठवत होती. परळला चाळीतल्या दीड खोलीत तिची खानावळ होती. गिरणीतली कोकणातली माणसं, दोन पाळ्यांत जेवायची, महिन्याला पैसे द्यायची. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजी सात-आठ महिने उधारीवर वाढत राहिली. तिची ती वही माझ्याकडे आहे. नावापुढे रक्कम, रकमेपुढे काही नाही. मग खानावळ बंद झाली. मामा नोकरीला होता, माझी आई आणि मावशी लग्न होऊन गेलेल्या, आणि मुलींना खानावळ द्यायची असते हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आईच्या तर नाहीच. पितळेची पातेली मोडीत घातली, त्यातून स्टीलचे डबे आले. आजी कशावर उभी राहून वाढायची मला माहीत नाही. बसूनच वाढत असेल. विचारायचं सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा ती नव्हती.

त्या वहीतली बेरीज मी एकदा केली होती. व्याज धरलं नाही.

उनीची मुलगी आता कॉलेजात आहे, कॉम्प्युटर शिकते. ती टपरी चालवेल की परदेशी जाईल, हा विषय उनी माझ्यासमोर काढत नाही. शनिवार-रविवार येते. मागच्या महिन्यात एका गुरुवारी सुट्टी होती म्हणून आली आणि उनीने तिला पहिल्यांदा वाढायला उभं केलं. पोरगी पाटांवर चढली आणि ताडपत्रीचा बांबू तिच्या कपाळावर बसला. पाच फूट सात इंच आहे. वडिलांवर गेली असणार.

उनीने एक पाट काढला. तरी डोकं लागतंच. दुसराही काढला. पोरगी सरळ जमिनीवर उभी राहिली, डवला घेतला, माझ्या फणसाच्या पातेल्यात बुडवला आणि आणताना वाटेत तीन पातेल्यांवर पिवळी रेघ ओढली.

"कोपर वर!" उनी ओरडली. "कोपर वर, मनगट सैल. दगड उचलतेयस का?"

"तांते, सॉरी हं," पोरगी मला म्हणाली.

मी जेवले. उठले तेव्हा तिने माझ्या पानाकडे बघितलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं, मग ओढणीआडून हळूच फोन काढायला लागली. उनी खाली तिन्ही पाट एकावर एक रचून त्यांच्यावर कांदे सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"बत्तीस हजार रुपिया," ती म्हणाली. "फोन ठेव."